सत्तावीस नंबरची धावपट्टी

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे घर घाटकोपर पश्चिमेला डोंगराच्या उतारावर आहे. रिक्षा पायथ्याशी थांबते, पुढे एकशे दहा पायऱ्या. १९७२ च्या दुष्काळात आजोबा माण तालुक्यातून मुंबईला आले, तेव्हा खालच्या जागा भरलेल्या होत्या म्हणून वर चढावे लागले, असे आजी सांगते. त्या चढण्याचा एक फायदा मला झाला. दारात उभे राहिले की सांताक्रूझला उतरणारी विमाने दक्षिणेच्या बाजूने पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतात. खालच्या लोकांसारखी मान मोडेपर्यंत वर करावी लागत नाही. ती जवळजवळ समोरून जातात.

पावसाळ्यात मात्र गंमत व्हायची. ढग डोंगराला टेकलेले, समोरची इमारत दिसत नाही, आणि तरी दर दोन-तीन मिनिटांनी तो आवाज ठरल्या वेळी, ठरल्या बाजूने जायचा. विमान दिसत नाही तर विमानाला धावपट्टी कशी दिसते? वडील रिक्षा चालवतात; मी सातवीत असताना त्यांना विचारले. ते म्हणाले, "त्यांना यंत्र असतं." उत्तर बरोबर होते, पण माझे समाधान झाले नाही. यंत्र नेमके काय सांगते? आणि ते सांगते ते खरे कशावरून?

या दोन प्रश्नांच्या मागे मी गेली दोन वर्षे आहे. विषय भूगोल, शाखा कला, आणि विमानात आजवर एकदाही पाऊल ठेवलेले नाही. तेव्हा 'ही काय सांगणार विमान उतरवायचे?' असे वाचकांना, विशेषतः प्राध्यापक मंडळींना, वाटले तर त्यात त्यांची चूक नाही. मी जे सांगणार आहे ते सगळे एका जुन्या कॉम्प्युटरसमोर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून शिकलेले आहे.

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीचे काम करणाऱ्या मामाने सुटे भाग जुळवून हा कॉम्प्युटर करून दिला. त्यावर 'फ्लाइटगिअर' नावाचा सिम्युलेटर चालतो. १९९७ पासून जगभरच्या हौशी लोकांनी मिळून तो घडवला आहे आणि तो फुकट मिळतो. आमच्या घरात दुसरी अट पुढे जाणार नव्हती. विमान सेस्ना १७२, चार माणसांचे, एका इंजिनाचे. त्यात मुंबईचा विमानतळ आहे, खाडी आहे, आणि ओबडधोबड आकाराचे का होईना, घाटकोपरचे डोंगर आहेत.

जमिनीवर बसून उडायला शिकायचे ही कल्पना कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन तरुणाने १९२९ मध्ये असे पहिले यंत्र तयार केले. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनला हवा देणारे भाते, म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीत असतात त्यांचेच मोठे भाऊबंद, त्याने एका लाकडी डब्याखाली बसवले. हवा भरली-सोडली की डबा विमानासारखा कलायचा. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतले खेळणे समजले. पुढे १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम पडले, खराब हवेत उडण्याचे शिक्षण नसल्याने त्यांतले अनेक मरण पावले, आणि मग त्याच खेळण्याची मागणी आली.

खराब हवेत उडण्याचे वेगळे शिक्षण का लागते, हे समजायला एक प्रयोग पुरतो. मामाच्या दुकानातल्या फिरत्या खुर्चीवर मी तो केला. डोळे घट्ट मिटून बसायचे आणि दुसऱ्याने खुर्ची एकाच वेगाने सावकाश फिरवत राहायची. पहिले काही क्षण आपण फिरतो आहोत हे कळते. साधारण वीस सेकंदांनी वाटते की खुर्ची थांबली. ती थांबलेली नसते. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव नलिकांच्या वेगाने फिरू लागलेला असतो, म्हणून मेंदूला बातमी जात नाही. आणि खुर्ची खरोखर थांबवली की आपण उलट्या दिशेने फिरतो आहोत अशी शपथेवर खात्री पटते. मी दुकानात ओरडलेच. ढगात शिरलेल्या वैमानिकाचे हेच होते. विमान कललेले असते, त्याला ते सरळ वाटते. तो ते सरळ करतो, तेव्हा वाटते आता कलले.

म्हणून समोर सहा घड्याळे असतात: वेग, उंची, चढ-उतार, दिशा, वळण, आणि मधोमध कृत्रिम क्षितिज. हे क्षितिज म्हणजे एक छोटी चकती, वर निळी, खाली तपकिरी. ढगात बाहेरचे क्षितिज नाहीसे झाले तरी आतले जागेवर राहते, कारण त्याच्यामागे वेगाने फिरणारा भोवरा असतो आणि फिरता भोवरा आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. जिमी डूलिटल या वैमानिकाने २४ सप्टेंबर १९२९ रोजी झाकलेल्या कॉकपिटात बसून, बाहेर एकदाही न बघता, विमान वर नेले, फिरवले आणि उतरवले, ते अशाच क्षितिजाच्या आधाराने.

माझी पहिली समजूत अशी झाली की शरीर खोटे बोलते आणि यंत्र खरे, एवढे लक्षात ठेवले की झाले. ती समजूत फार दिवस टिकली नाही. १ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघाले. सूर्य मावळला होता. पुढे काळा समुद्र, वर काळे आकाश. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडले होते. विमान उजवीकडे कलले आहे असे ते दाखवत राहिले, आणि कॅप्टनने ते सरळ करण्यासाठी डावीकडे वळवले, आणखी वळवले. शेजारी सहवैमानिकासमोर दुसरे क्षितिज होते, मध्ये तिसरे. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने फरक ओळखून सांगायचा प्रयत्नही केला. वेळ उरली नव्हती.

हे वाचले त्या रात्री मी उडवायला बसलेच नाही. नंतर शिकवणीतला एक नियम, जो मी आधी कंटाळून सोडून दिला होता, तो वहीत पहिल्या पानावर लिहिला: नजर कुठल्याच घड्याळावर अडकू द्यायची नाही. क्षितिज म्हणते डावीकडे कलले, तर दिशादर्शकाचा आकडा कमी होत गेला पाहिजे आणि वळणदर्शकाने डावी बाजू दाखवली पाहिजे. तिघांचे जुळले तर मानायचे. एकाचे वेगळे असेल तर त्याला सोडून उरलेल्यांचे ऐकायचे. सिम्युलेटरमध्ये हवे ते घड्याळ मुद्दाम बंद पाडता येते. माझा धाकटा भाऊ मी स्वयंपाकघरात गेले की एखादे बंद करून ठेवतो. त्याचा त्याला आनंद, मला सराव.

आता उतरण्याविषयी. धावपट्टीचा नंबर म्हणजे होकायंत्रावरची दिशा. शेवटचे शून्य गाळलेले. २७ म्हणजे २७० अंश, बरोबर पश्चिम. तीच पट्टी पलीकडून वापरली की ०९, म्हणजे पूर्व. भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी सांगते: मुंबईत खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक एक अंशापेक्षाही कमी आहे, त्यामुळे आपण त्या भानगडीतून सुटतो. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि आमच्या दारातून दिसणारी रांग तिच्या सत्तावीस नंबरच्या टोकाकडे जाणारी.

या टोकाकडे येणाऱ्या विमानाला दोन अदृश्य रेषा मिळतात. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकामागे 'लोकलायझर' नावाचा अँटेना असतो. तो रेडिओलहरींवर दोन सूर चढवून पाठवतो: येणाऱ्या विमानाच्या डाव्या बाजूला ९० हर्ट्झचा सूर जास्त, उजव्या बाजूला १५० हर्ट्झचा. बरोबर मध्यरेषेवर दोन्ही सारखे. वैमानिक ते ऐकत नाही. यंत्र दोघांची तुलना करते आणि एका उभ्या काट्याने दाखवते. काटा डावीकडे गेला तर रेषा डावीकडे राहिली, तिकडे जा. धावपट्टीच्या अलीकडच्या टोकाजवळ दुसरा अँटेना, 'ग्लाइड स्लोप', हीच युक्ती वर-खाली करतो आणि आडवा काटा हलवतो. त्या रेषेचा उतार तीन अंशांचा. तीन अंश म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे ३१८ फूट. तोंडी हिशेबाला तीनशे. दोन्ही काटे एकमेकांना मध्यभागी छेदतात तेव्हा तुम्ही त्या अदृश्य घसरगुंडीवर बरोबर बसलेले असता.

हे सांगायला सोपे आहे. गेल्या वर्षीच्या जुलैत मी प्रथमच खरी हवा जोडली, म्हणजे त्या क्षणी मुंबईवर जे वारे आणि ढग होते तेच सिम्युलेटरमध्ये घेतले. बाहेर दारावर पाऊस आपटत होता, पडद्यावरही राखाडी भिंत. ठाण्याच्या खाडीच्या पलीकडून मी वळले, नाक २७० वर धरले, वेग ९० नॉट, आणि ते नाक एक अंशही हलू दिले नाही. मला स्वतःचे कौतुक वाटले. तीन मैलांवर हजार फुटांच्या आसपास असायला हवे. उंचीमापक ९५० दाखवत होता. बरोबर, म्हटले. आणि पडदा थांबला. विमान डोंगरावर आपटले होते. बाहेरून पाहण्याचे बटण दाबले, तर हिरव्या उतारावर सेस्ना आडवे पडलेले, आणि खाली दक्षिणेला आमच्या वस्तीची जागा.

माझे काय चुकले ते शोधायला मला चार रात्री लागल्या. चुका दोन होत्या आणि दोन्ही किरकोळ दिसणाऱ्या. पहिली वाऱ्याची. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. त्या रात्री वर २५ नॉटचा होता. पश्चिमेकडे तोंड केलेल्या विमानाला तो समोरून अडवतो आणि डावीकडून ढकलतोही. ढकलणारा भाग साधारण अठरा नॉट. अठरा नॉट म्हणजे पाच मिनिटांत दीड सागरी मैल, जवळपास पावणेतीन किलोमीटर, उत्तरेला. नदी ओलांडणारा नावाडी नाक प्रवाहाच्या वर धरतो, तसे मला नाक २६० च्या आसपास धरायला हवे होते. माझे नाक पश्चिमेकडे होते, पण विमान पश्चिमेकडे जात नव्हते. उभा काटा केव्हाचा डावीकडे टोकाला जाऊन चिकटला होता. मी दिशादर्शकाच्या प्रेमात पडून त्याच्याकडे पाहिलेच नाही.

दुसरी चूक माझ्या भूगोलाला लाज आणणारी. उंचीमापक उंची मोजतच नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. त्यासाठी त्याला समुद्रसपाटीचा त्या वेळचा दाब सांगावा लागतो. सांगितला नाही तर तो १०१३ हेक्टोपास्कल हे प्रमाण धरून चालतो. जुलैत मुंबईवर दाब कमी असतो, हे मोसमी वाऱ्यांच्या धड्यात मी परीक्षेत दोनदा लिहून गुण घेतले आहेत. त्या रात्री तो १००१ होता. एका हेक्टोपास्कलला सुमारे २८ फूट. बाराला साडेतीनशेच्या जवळ. यंत्र ९५० म्हणत होते, मी होते सहाशेच्या थोडी वर. यंत्र बिघडलेले नव्हते. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता.

'घाटकोपर' आणि 'विमान' हे शब्द एकत्र शोधल्यावर मला जे सापडले ते आमच्या वस्तीत कुणाच्याच तोंडून ऐकलेले नव्हते. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम या डच कंपनीचे 'फ्रानेकर' हे कॉन्स्टेलेशन विमान दिल्लीहून मुंबईकडे येत होते. पावसाळी ढगांत सांताक्रूझ शोधताना ते घाटकोपरजवळच्या ६७४ फूट उंचीच्या टेकडीवर आदळले. सर्वच्या सर्व ४५ माणसे मरण पावली. त्यांत इंडोनेशियाचा दौरा संपवून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार होते. पुलित्झर पारितोषिक मिळवलेले एच. आर. निकरबॉकर त्यांतलेच. आजोबा डोंगर चढून आले ते यानंतर तेवीस वर्षांनी. आजीला सांगितले तर तिने एवढेच विचारले, "बायका-पोरं होती का त्यात?" मग बराच वेळ ती तांदूळ निवडत राहिली.

ढग नसले की सगळे सोपे, असेही नाही. १९७२ सालीच, २४ सप्टेंबरला, लंडनहून टोकियोला निघालेले जपान एअरलाइन्सचे डीसी-८ मुंबईत उतरताना चक्क जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरले. जुहूची पट्टी सांताक्रूझच्या मुख्य पट्टीच्या जेमतेम तृतीयांश, आणि दिशाही जवळजवळ तीच. विमान पट्टी ओलांडून पुढे गेले, कायमचे निकामी झाले. सुदैवाने कुणी दगावले नाही. तीच चूक १९५३ मध्ये बीओएसीच्या कॉमेट जेटने केली होती. त्यांना धावपट्टी दिसली होती, हीच अडचण. मी सिम्युलेटरमध्ये स्वच्छ सकाळ लावून समुद्रावरून आले, आणि खरेच, जुहूची पट्टी आधी समोर येते आणि मोह होतो. अंतर दाखवणारा आकडा मात्र शांतपणे म्हणत होता, अजून दोन सागरी मैल बाकी.

याच सुमारास मी एका प्रशिक्षण संस्थेत चौकशीला गेले होते. तिथल्या बाईंनी माझी शाखा विचारली, वडिलांचा व्यवसाय विचारला, आणि केबिन क्रूचा फॉर्म पुढे सरकवला. वैमानिकाच्या शिक्षणाची रक्कम त्यांनी सांगितली ती मी घरी सांगितलेली नाही. फॉर्म मात्र आणला. त्याची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर उतरणीचा तक्ता लिहिला आहे: पाच मैलांवर सोळा-सतराशे, तीनवर हजार, एकवर चारशे. तो पडद्याच्या कडेला चिकटवलेला असतो.

त्या तक्त्याने, वाऱ्याच्या हिशेबाने आणि 'दाब लावला का?' हे मोठ्याने स्वतःला विचारण्याच्या सवयीने मी सप्टेंबरअखेर पहिल्यांदा सत्तावीसवर नीट उतरले. तोवर मोजलेले प्रयत्न एकसष्ट. त्यांतले निम्मे अपघात नव्हते. ते 'गो-अराउंड' होते, आणि हा शब्द शिकायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. साध्या प्रतीच्या आयएलएसवर दोनशे फूट ही निर्णयाची उंची, साधारण वीस मजली इमारतीएवढी. तिथे धावपट्टीचे दिवे दिसले नाहीत तर आणखी क्षणभर वाट पाहायची नाही. पूर्ण शक्ती, नाक वर, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी सुरुवातीला नेहमी तो क्षणभर घ्यायचे. इतके खाली आल्यावर सोडून द्यायचे, हे मनाला पटत नाही. कॉम्प्युटरवर त्याची किंमत म्हणजे पुन्हा सुरू करण्याचे एक बटण. खुर्ची हलत नाही, पोटात गोळा येत नाही, मागे माणसे बसलेली नसतात. तेवढा भाग सिम्युलेटर शिकवत नाही.

यंदाच्या जुलैत एका रात्री साडेदहाच्या सुमारास पाऊस असा होता की समोरच्या खांबावरचा दिवाही दिसेना. विमानाचा आवाज आला, दक्षिणेकडून पुढे सरकला, मावळतीच्या बाजूला गेला, आणि एकदम इंजिने गरजली. भांडी थरथरली. वडील नुकतेच रिक्षा लावून आले होते. ते दारात आले. आजी उठून बसली. "काय झालं गं?"

"काही नाही आजी. खाली दिवे दिसले नाहीत, म्हणून परत वर गेलं."

"मग आता?"

"समुद्रावरून फिरून येईल."

मोबाइलवर विमानांचे मार्ग दिसतात. त्यावर ते छोटेसे चित्र समुद्राकडे जाऊन उत्तरेला वळताना वडिलांना दाखवले. ते चष्मा लावून बघत राहिले. ते विमान ठाण्याच्या बाजूने खाडीवर आले, पुन्हा पश्चिमेला तोंड केले. वीस-बावीस मिनिटे झाली असतील. मग तोच आवाज दारासमोरून, ढगातून, सावकाश गेला आणि कमी कमी होत थांबला.

"उतरलं?" आजीने विचारले.

"उतरलं," वडील म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.